हंगामानंतरचा खोकला

हट्ट्यात आणि भोवतालच्या दहा-बारा गावांत हळद शिजवायची वेळ आली की लोक शिलाबाईला फोन लावत. तिचा कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचा, चार लोखंडी टाक्यांचा, वाफेवर चालणारा गाडा. जानेवारी लागला की तो शेडमधून बाहेर पडे आणि शेतोशेत फिरे. पुढं वाळलेली हळकुंडं घासून चकचकीत करायचे पॉलिशचे ड्रम सुरू होत, ते मे संपेपर्यंत. सासरे वारले तेव्हा गावानं धरलं होतं की आता हा धंदा बसला, कारण त्यांचा मुलगा, शिलाचा नवरा दिपक, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि त्याला पान्हा कुठल्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नाही. पण सून हटली नाही. तिनं वाफेचा काटा वाचायला शिकून घेतलं, व्हॉल्व्ह खोलून साफ करायला शिकून घेतलं, आणि दुसऱ्याच हंगामात ट्रॅक्टरच्या सीटवर स्वतः बसली. आता ती चौतीस वर्षांची होती. काम ठरवताना, माणसं लावताना तिचा आवाज वर चढत नसे, आणि तिचा शब्द सहसा कोणी मोडत नसे.

एक गोष्ट मात्र तिनं गावापासून लपवून ठेवली होती. पाच वर्षांपासून तिच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होत होत्या. दिवसातून दहा-दहा वेळा परसाकडं जावं लागे, रक्त पडे, पोटात पीळ बसे. गावात तिनं मूळव्याध म्हणून सांगून टाकलं होतं. मूळव्याध काय, घरोघर असते, कोणी जास्त विचारत नाही. खरं नाव एकट्या दिपकला ठाऊक होतं. नांदेडच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून दिलं होतं, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि दिपकनं तो कागद शाळेच्या बॅगेत, आतल्या कप्प्यात ठेवला होता.

दरवेळी दुखणं उसळलं की स्टिरॉइडच्या गोळ्या. गोळ्या घेतल्या की पोट शांत, पण तोंड फुगून गोल व्हायचं, हातपाय गळायचे. गोळ्या कमी केल्या की पुन्हा रक्त. या जुलैत चौथ्यांदा तसं झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"शिलाबाई, या गोळ्यांवर आता आयुष्य काढायचं नाही. सलाईनमधून द्यायचं एक इंजेक्शन आहे. पहिलं दिलं की दोन आठवड्यांनी दुसरं, मग महिन्यानं तिसरं, नंतर दर दोन महिन्यांनी. तुम्हाला त्याचा चांगला गुण येईल असं मला वाटतं."

"मंग देऊन टाका," शिला म्हणाली. "आजच द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आज नाही. आधी टीबीची तपासणी करायची."

"मला कुठं टीबी हाय? मला खोकला बी न्हाई."

"म्हणूनच तपासायचं. अंगातली राखण करणारी फौज असते, ती तुमच्याच आतड्यावर तुटून पडली आहे. हे इंजेक्शन तिला आवरतं. पण तीच फौज बाकीच्या रोगांनाही दाबून ठेवते. टीबीचे जंतू पुष्कळ माणसांच्या अंगात निपचित पडलेले असतात. काही त्रास देत नाहीत. पहारा ढिला पडला की उठतात, आणि अशा वेळी उठले की नुसत्या फुप्फुसात थांबत नाहीत."

शिलाला ते पटलं. मशीन चालवणाऱ्या माणसाला एक काटा खाली आणला की दुसरा वर जातो हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. तिनं छातीचा फोटो काढला, दंडातून रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारले. पूर्वी कधी टीबीचं औषध घेतलंय? नाही. ताप, वजन कमी होणं? वजन तर वाढलंय गोळ्यांनी. घरात कोणाला टीबी झालाय? नाही. शेजारी, कामाच्या जागी? शिलानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "न्हाई. माझी माणसं सगळी धडधाकट हायेत."

आठ दिवसांनी ती आणि दिपक निकाल घ्यायला गेले. छातीचा फोटो स्वच्छ होता. रक्ताचा कागद डॉक्टरीणबाई बराच वेळ पाहत बसल्या.

"रक्तानं उत्तरच दिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"म्हंजे पास का नापास?"

"पेपर कोरा आलाय. स्टिरॉइड चालू असलं की असं होतं. ज्या पेशींनी खूण दाखवायची, त्याच औषधानं सुस्त झालेल्या असतात. आपण गोळ्या थोड्या कमी करू आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊ. छातीचं सीटीही करू. सगळं ठीक आलं तर लगेच इंजेक्शन." मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. "पण तपासणीपेक्षा माणसाच्या आठवणीवर माझा जास्त भरवसा असतो. तुमच्या आसपास कोणी महिना-महिना खोकणारं आहे का? नीट आठवून सांगा."

"डॉक्टरीणबाई, मार्च ते मे माझ्या शेडात सगळेच खोकतात. पॉलिशचा ड्रम फिरला की पिवळी धूळ उडते. नाक शिंकरलं तरी पिवळं येतं."

"आणि आता?"

"आता हंगाम बंद हाय."

"तेच म्हणते. हंगाम बंद असताना कोण खोकतं ते बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिला शेडमध्ये गेली. ड्रमचे बेअरिंग खोलून ग्रीस भरायचं काम चाललं होतं. ते काम तातेरावचं. तातेराव साठीच्या पुढचा, सासऱ्यांच्या वेळेपासून शेडमध्ये. ड्रमच्या आवाजावरून माल किती घासला गेला ते सांगणारा दुसरा माणूस तालुक्यात नसेल. शिला त्याला मामा म्हणायची, आणि तो तिला सूनबाई. तिच्या पहिल्या हंगामात कुकरचा व्हॉल्व्ह कसा खोलायचा ते त्यानंच तिला दाखवलं होतं, गावातल्या एकाही माणसाला कळू न देता.

ती दारातून आत शिरली आणि ड्रमपलीकडून खोकला आला. कोरडा नाही, ओला, खोलवरून ओढून आणलेला. मग थोडं थांबून पुन्हा. हा आवाज शिला रोज ऐकत होती. पंप चालू असला की त्याचा आवाज जसा ऐकू येत नाही तसा तोही तिला ऐकू येत नव्हता. आज आला. तिनं मनातल्या मनात महिने मोजले. जून, जुलै, आता ऑगस्टचा पहिला आठवडा. तातेरावच्या सदऱ्याची गळपट्टी खांद्यावरून घसरत होती. हाच सदरा गेल्या दिवाळीत त्याला अंगाबरोबर बसला होता. तिनंच घेतला होता.

ग्रीसचा डबा त्याच्याकडं सरकवून ती घरी परतली. शाळा सुटून दिपक घरी आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. दिपकनं चहाचा कप खाली ठेवला.

"तू डॉक्टरला सांगितलंस का?"

"अजून न्हाई. आजच ध्यानात आलं."

"मग आत्ता सांगू नकोस," तो म्हणाला. बोलताना त्याची मान खाली होती. "आधी तुझं रक्त पुन्हा होऊ दे, इंजेक्शन चालू होऊ दे. मग तातेमामाचं बघू. तू सांगितलंस की त्या थांबवतील. पाच वर्षं झाली शिला. मला रोज तुझं तोंड दिसतं."

शिलाला त्याचा राग आला नाही. हा माणूस पाच वर्षं तिच्या रक्ताच्या चादरी पहाटे गुपचूप धूत आला होता. पण तिनं मान हलवली.

"व्हॉल्व्ह शिट्टी मारायला लागला तर त्याच्या तोंडात बोळा कोंबतात का? टाकी फुटते अशानं. आणि मी थांबीन हो महिनाभर. मामाला काहून थांबवू?"

सकाळी तिनं तातेरावला शेडच्या पायरीवर बसवलं.

"मामा, खोकला कधीपासून हाय?"

"हळदीचा हाय सूनबाई. जाईल."

"हळद मे महिन्यात संपली मामा."

तातेराव हातावरचं ग्रीस चिंधीला पुसत राहिला. "म्हाताऱ्या माणसाला खोकला असतोच की."

"असंल. पण एकदा थुंकी तपासून घ्या. गावात मिनाताई येते ती डबी देते, वसमतच्या सरकारी दवाखान्यात तपासतात. तुमचं काही जात न्हाई."

तातेराव 'बरं' म्हणाला. इतक्या लवकर 'बरं' म्हणाला की शिलाला तिथंच खटकायला हवं होतं. मिना ही टीबीचं काम पाहणारी कर्मचारी, स्कूटीवर हिंडणारी, वसमत तालुक्यातली निम्मी गावं तोंडपाठ असलेली. तिनं डबी दिली, दोन दिवसांनी भरलेली डबी नेली, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी शिलाला फोन केला. तपासणीत काही निघालं नव्हतं.

दिपकचा जीव भांड्यात पडला. शिलाचा पडला नाही. काटा शून्यावर आहे आणि टाकी तर हाताला चटका देतेय, अशा वेळी ती काट्याला टिचकी मारून पाहायची. पण तातेरावला पुन्हा कोणत्या तोंडानं सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

ते सुचायची वेळ आलीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तातेरावची बायको रुक्माबाई घरी आली. हातात अंबाडीच्या भाजीची जुडी होती. ती जुडी तिनं ओट्यावर ठेवली, खाली बसली, आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मामी, काय झालं?"

"शिलाबाई, ती थुंकी माझी होती."

शिला तिच्यासमोर येऊन बसली.

"डबी आणली आन् मला म्हनले, तू थुंक. म्या म्हनलं, काहून? तर म्हनले, तुला खोकला न्हाई, तुझी चांगली निघंल. म्या थुंकले." रुक्माबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तवापासून झोप न्हाई मला. तपासणी माझी झाली, त्यांची झालीच न्हाई. अंगरखा रोज पहाटं घामानं भिजतो. काल खोकल्यात लाल दिसलं मला."

"पण असं काहून केलं मामानं?"

रुक्माबाईनं सांगितलं. तातेरावचा थोरला भाऊ याच दुखण्यानं गेला होता, पस्तीस वर्षांपूर्वी. त्याचं अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. भाकरी लांबून सरकवायचे. विहिरीवर त्याच्या बायकोला लोक दोर धरू देत नव्हते. तातेराव तेव्हा जवान होता, आणि भावाला खांदा द्यायला चौथा माणूस मिळवायला त्याला तीन घरं फिरावी लागली होती. "ते मला म्हनतात, मरन आलं तर येऊ दे, पर गोठ्यात न्हाई. आन् शेड गेली तर मी जगून काय करू, असंबी म्हनतात. तुमी त्यांना काढसाल असं वाटतं त्यांना."

शिलानं भाजीची जुडी उचलून आत ठेवली, पायांत चपला घातल्या आणि म्हणाली, "चला मामी."

तातेराव घरासमोर बैलांच्या शिंगांना रंग देत बसला होता. बैल त्याचे नव्हते, शेजाऱ्याचे. पण शिंगं रंगवायला गावातले लोक त्यालाच बोलवत, त्याचा हात थरथरत नसे म्हणून. आज रंग शिंगाखाली ओघळला होता. शिलाला पाहून आणि तिच्या मागं बायकोला पाहून त्यानं ब्रश डब्यात ठेवला. काय झालं ते त्याला न सांगता कळलं.

"सूनबाई, मला काही बोलू नका. मी उद्यापासून येत न्हाई शेडात."

"मी तेच्यासाठी आले न्हाई. मामा, मला काय झालंय ठावं हाय का तुमाला?"

"मूळव्याध."

"मूळव्याध न्हाई." ती बाजेवर बसली, त्याच्या बाजूला. पाच वर्षांत दिपक आणि डॉक्टरीणबाई सोडून कोणापुढं न बोललेली गोष्ट ती एका दमात बोलली. आतड्यातल्या जखमा, रक्त, गेल्या हंगामात कुकर चालू असताना उसाच्या फडाआड दहादा जाऊन आलेली, एकदा तर लुगडंच भरलं आणि डिझेल सांडलं म्हणून सांगून घरी निघून आलेली. "ते डिझेल नव्हतं मामा."

तातेराव ऐकत राहिला. रुक्माबाईनं तोंडावर पदर घेतला.

"आता मला इंजेक्शन द्यायचंय. ते दिलं की माझ्या अंगातला पहारा उठतो. आन् तुमच्या छातीत जर टीबी असंल तर तो माझ्यात कवाच येऊन बसला असंल. आपण दोघं एका शेडात दिवसभर असतो. तुमी डबीत मामीची थुंकी देता, मी म्हणते चला, मामा चांगले हायेत, आन् मी इंजेक्शन घेते. मंग काय व्हईल?"

तातेरावनं रंगाचा डबा बाजूला सरकवला.

"मी तुमाला काढायला आले न्हाई. मला तुमची थुंकी पाहिजे. माझ्यासाठी द्या."

तातेराव म्हणाला, "इतके दिवस तकलीफ काढली आन् सांगितलं न्हाई तुमी."

"तुमीबी न्हाई सांगितलं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू उमटलं आणि लगेच खोकल्यात बुडालं. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "पोळा होऊ द्या. परवा जाऊ."

पोळा झाल्यावर शिला स्वतः त्याला मोटारसायकलवर मागं बसवून वसमतला घेऊन गेली. मिना आधीच येऊन थांबली होती. तिनं तातेरावला दवाखान्याच्या मागच्या बाजूला, उघड्या जागेत उभं केलं. "काका, तोंडातली थुंकी नको. तीन वेळा खोल श्वास घ्या, मग पोटातून खोका. छातीतला बेडका पाहिजे." पहिल्या वेळी नुसता फेस आला. मिनानं तो फेकून द्यायला लावला. दुसऱ्या वेळी जे आलं ते पाहून तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. रुक्माबाईच्या थुंकीबद्दल शिलानं तिला सांगितलं होतं. मिनाला नवल वाटलं नाही. तिला एकदा एकानं शेजाऱ्याच्या पोराची थुंकी आणून दिली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. तातेरावच्या थुंकीत टीबीचे जंतू होते. औषधाला दाद देणारा टीबी होता, हे तपासणीच्या मशीननंच सांगितलं. त्यातल्या त्यात ते बरं. मिनानं गोळ्यांची पाकिटं आणली आणि तातेरावच्या ओसरीवर बसून त्याला आणि रुक्माबाईला समजावून दिलं. सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही, सुरुवातीला तोंडाला रुमाल, खिडकी उघडी, आणि ताट-वाटी वेगळी करायची काहीएक गरज नाही. हे शेवटचं ती दोनदा बोलली. तातेरावनं तिला तिसऱ्यांदा बोलायला लावलं.

त्याच आठवड्यात शेडमधल्या सातही माणसांची तपासणी झाली, दिपकची झाली, मुलगी प्रतिक्षाचीही झाली. बाकी कोणात रोग निघाला नाही. रुक्माबाईची तपासणी खरी तर आधीच झाली होती, पण मिनानं तिचीही नव्यानं केली, यावेळी तिच्या स्वतःच्या नावानं. तिला रोग नव्हता, पण घरातलीच म्हणून तिलाही प्रतिबंधाच्या गोळ्या लागल्या.

नांदेडला डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सीटी केलं. फुप्फुसं स्वच्छ होती.

"आता रक्ताची वाट पाहायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "इतका जवळचा माणूस म्हटल्यावर जंतू तुमच्यात शिरले आहेत असंच धरून चालायचं. रोज एक गोळी, सोबत जीवनसत्त्वाची एक. सहा महिने. पहिला महिना झाला की इंजेक्शन. मधे यकृताची तपासणी करत राहू."

"मी सांगितलं नसतं तर?"

"मी कदाचित दुसऱ्या तपासणीवर विसंबले असते. ती तरी खरी आली असती की नाही, कोण सांगणार?" त्या तिच्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही मला वाचवलंत, एवढं समजा. तुमच्याइतकंच."

तो महिना सोपा नव्हता. स्टिरॉइड कमी केल्यामुळं पोट उसळलं. दिवसातून बारा वेळा, कधी पंधरा वेळा. सप्टेंबरच्या मध्याला एकदा तिला नांदेडला दोन दिवस भरती व्हावं लागलं, सलाईन लावावं लागलं. कॉटवर पडल्या पडल्या तिला वाटलं, दिपकचं ऐकलं असतं तर आज इंजेक्शन चालू असतं. हा विचार तिनं दिपकला सांगितला. दिपक तिच्या पायाशी बसून वर्तमानपत्र वाचत होता. तो म्हणाला, "मी तेव्हा चुकीचं बोललो होतो. आता तू बोलू नकोस." मग त्यानं तिचा पाय मांडीवर घेऊन दाबून दिला आणि वर्तमानपत्र पुढं वाचलं.

गोळी एकदाही चुकली नाही. प्रतिक्षानं कॅलेंडरवर रोज हळदीच्या बोटानं टिळा लावला.

सप्टेंबरच्या शेवटी पहिलं इंजेक्शन झालं. दोन तास सलाईन चाललं. नर्स दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब बघून जात होती. शिला जागी राहून थेंब पडताना पाहत होती, नळीचा वेग किती, बाटली कधी संपेल, याचा हिशोब तिनं आपणहून मांडला आणि तो बरोबर निघाला. दुसरं इंजेक्शन ऑक्टोबरात झालं. त्यानंतरच्या आठवड्यात एके सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण उठून तासभर झाला आणि एकदाही परसाकडं गेलो नाही. ओट्याजवळ उभी राहून तिनं सावकाश, पूर्ण कपभर चहा प्यायला. तिसऱ्या इंजेक्शनपर्यंत रक्त पूर्ण थांबलं होतं. गोल झालेलं तोंड उतरू लागलं. स्टिरॉइड बंद झालं.

तातेरावची दोन महिन्यांनंतरची थुंकी तपासली तेव्हा तीत जंतू नव्हते. ती थुंकी कोणाची, हे मिनानं त्याला तोंडावर विचारलं. तातेराव लाजला. त्याचं वजन चार किलोनं वाढलं होतं. शेडमध्ये येऊन तो ड्रमजवळ उभा राहिला तेव्हा बाकीची माणसं थोडी मागं सरकली. शिलानं ते पाहिलं. तिनं तातेरावच्या हातातून पान्हा घेतला, बोल्ट आवळला आणि पान्हा त्याला परत दिला. पण तेवढ्यानं भागणार नाही हे तिला कळत होतं. माणसं भीतीनं मागं सरकली होती, आणि भीती बोलून जाते, न बोलता वाढते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, तिनं सगळ्या माणसांना शेडमध्ये बोलावलं. नव्या हंगामासाठी ठरवलेल्या बायका आल्या होत्या, कोणी हट्ट्याची, कोणी शिरड शहापूरहून माहेरी आलेली. एकूण एकोणीस जण होते. मिनाही डब्या घेऊन आली होती. शेडच्या मागच्या भिंतीत शिलानं नवीन पंखे बसवून घेतले होते, धूळ बाहेर ओढून नेणारे, आणि प्रत्येकासाठी जाड मास्क आणले होते.

शिला ड्रमच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

"कामाचं बोलायच्या आधी एक सांगते," ती म्हणाली. "मला मूळव्याध न्हाई. माझ्या आतड्याचा आजार हाय, पाच वर्षं झाली. मी लपवला. आता औषधानं बरी हाय. औषधाआधी टीबीची तपासणी करावी लागते, तेव्हा कळलं की तातेमामाला टीबी हाय. मामा औषध घेऊन राहिले, त्यांच्या थुंकीत आता जंतू न्हाई. आन् टीबीला दाबून ठेवायची गोळी मीबी रोज घेते. मामासंगं बसायला कोणाला भेव वाटत असंल तर माझ्यासंगंबी बसू नका."

तातेराव खाली मान घालून उभा होता. मग शिरडहून आलेल्या एका बाईनं विचारलं, "मंग रक्त पडतं ते त्या आजारानं? मूळव्याधीनं न्हाई?" तिच्या आवाजावरून शिलाला कळलं की ती हे स्वतःसाठी विचारतेय.

"दोन्हीनं पडतं. कशानं पडतंय ते डॉक्टरला ठरवू द्यायचं. कामानंतर थांबा, मी पत्ता देते."

मग मिनानं वही उघडली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेले चार जण निघाले. चौघांनीही आपापल्या डब्या स्वतः भरल्या. मिना प्रत्येकासमोर उभी राहिली होती. तिघांचं काही निघालं नाही. चौथ्याचं निघालं, आणि त्याचं औषध जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. तो घरी बसून गोळ्या घेत होता तेवढे दिवस त्याच्या जागी ड्रमवर दुसरा माणूस होता, आणि पुढं थुंकी साफ झाल्यावर तो परत आला.

फेब्रुवारीच्या शेवटी शिलाची सहा महिन्यांची गोळी संपली. त्याच आठवड्यात तातेरावचीही. रिकामी पाकिटं मिनाला परत द्यायची असतात. तातेराव ती देताना मोजून देत होता. त्या दिवशी कुकर डोंगरकडा गावाच्या रस्त्याला एका शेतात उभा होता, आणि शिला तिथंच होती. वाफेचा काटा चढत होता, बाया हळदीच्या पाट्या वाहत होत्या. दुपारची भाकरी बांधाच्या सावलीला सगळ्यांनी एकत्र खाल्ली. जेवल्यावर शिला ट्रॅक्टरवर चढली, आणि पुढच्या शेताचा मालक लांबून हात करून बोलवत होता त्या दिशेनं तिनं गाडा वळवला.